जमीलाभाभींचे अडुसष्ट किलो

रत्नागिरीत एकवीस वर्षं मी बायकांना वजनं उचलायला शिकवलं. हे सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या दंडाकडे बघतो, मग हळूच स्वतःच्या पोटाकडे, आणि मग हमखास विचारतो, “व्यायामानंतर किती वेळात प्रोटीन घ्यायचं हो?” डॉक्टरांना लग्नात भेटलेले लोक गुडघेदुखी सांगतात, तसा माझ्या वाट्याला हा प्रश्न आलेला आहे. आता निवृत्त झाले, तरी तो सुटलेला नाही. परवा भाजीवालीनेही विचारला.

या प्रश्नाचं उत्तर मी पहिली दहाबारा वर्षं अगदी ठामपणे देत असे आणि ते चुकीचं होतं. ते कसं चुकलं आणि मला कोणी सुधारलं, तेवढंच इथे सांगायचं आहे.

आमची जिम एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर होती. सकाळी दहा ते बारा आणि दुपारी चार ते सहा बायकांची बॅच, बाकी वेळ पुरुषांची. एकदा प्रोटीन पावडरचा एक विक्रेता येऊन भिंतीवर भलंमोठं पोस्टर लावून गेला. व्यायाम संपल्यापासून तीस मिनिटांत प्रोटीन पोटात गेलं नाही, तर सगळी मेहनत वाया, असा त्याचा अर्थ. शेजारी अमायनो ॲसिडच्या गोळ्यांच्या बाटलीचं चित्र. कुठे वाचलं, कोणी सिद्ध केलं, असलं काही मी विचारलं नाही. छापलेलं आहे म्हणजे खरं असणार. मी ते पाठ केलं आणि बायकांना शिकवलं.

त्या तीस मिनिटांनी काय काय केलं म्हणून सांगू. बँकेत नोकरी करणारी वर्षा नावाची एक मुलगी पर्समध्ये उकडलेली दोन अंडी घेऊन यायची. सासर कट्टर शाकाहारी, त्यामुळे अंडी ऑफिसातल्या मैत्रिणीकडून उकडून यायची. एकदा घरी जाताना रस्त्यात गाड्या अडकल्या. अठ्ठाविसावं मिनिट लागलं तशी हिने स्कूटर कडेला घेतली आणि हेल्मेट न काढता, नुसती काच वर करून, एक अंडं तोंडात कोंबलं. नेमक्या त्याच वेळी सासूबाईंच्या भजनीमंडळातल्या एक बाई रिक्षातून शेजारी येऊन थांबल्या. पुढे आठवडाभर त्या घरात काय झालं ते वर्षाने मला हसत हसत सांगितलं, पण मी तेव्हा तिला काय म्हणावं? “वेळेत खाल्लंस ना, मग झालं.”

हे हसण्यावारी नेता येतं. सुलभाचं येत नाही.

सुलभा अंगणवाडीत होती. चार महिने नेमाने आली. एक दिवस म्हणाली, “मॅडम, इथनं गेल्यावर मला सगळ्यांचं जेवण करायचं असतं. माझं ताट दोनला होतं. चालेल ना?” मी पोस्टरकडे बोट दाखवलं. म्हटलं, “दोन तासांनी खाणार असशील तर व्यायाम वायाच गेला म्हण.” ती पुढच्या आठवड्यापासून आली नाही. मी आळशी म्हणून तिचं नाव मनातून काढून टाकलं. नंतर जेव्हा मला कळलं की दोन वाजताचं ताट पुरेसं होतं, नुसतं त्यात डाळ आणि मासळी थोडी जास्त हवी होती, तोवर तिची बदली झाली होती. तिचा पत्ता मला कधी लागला नाही. तिने हा अंक वाचला तर तिला एवढंच सांगायचंय, की चूक माझी होती.

मला शहाणं केलं जमीलाभाभींनी.

त्या आषाढात आल्या. छत्री कोपऱ्यात ठेवली, बुरखा काढून त्याची नीट घडी केली आणि आत नजर फिरवली. सत्तावन्न वर्षांच्या, काटकुळ्या, चष्म्याच्या एका दांडीला दोरा बांधलेला. काट्यावर भरल्या शेहेचाळीस किलो. मी नेहमीचं विचारलं, “वजन वाढवायचंय? सांधे दुखतात?”

“नाय. मला अडुसष्ट किलो उचलायचेत.”

मला वाटलं, मुलाने मोबाइलवर काही दाखवलं असेल. म्हटलं, “अडुसष्टच का?”

“ह्यांचं वजन तितकं हाय.”

मग त्यांनी सांगितलं. नवरा इस्माईलभाई चाळीसएक वर्षं मालवाहू जहाजावर होते, शेवटची बरीच वर्षं सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुख्य. निवृत्त होऊन घरी आले आणि तीन वर्षांत अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. वाचा थोडी परतली, पाय थोडा परतला, हात नाही. मुलगा कुवेतला, मुलगी दापोलीला दिलेली. मुलाने एक माणूस ठेवला होता, पण इस्माईलभाईंना परक्या माणसाने उचललेलं सहन होईना. ज्याच्या शब्दावर वीस-वीस माणसं दोर ओढायची, त्याला संडासला नेताना कोणीतरी “चल बाबा, उठ” म्हणतं, हे त्यांना लागायचं. त्यांनी त्यावर एक उपाय काढला. पाणी पिणं बंद केलं. जेवण चार घासांवर आणलं. आत काही गेलंच नाही, तर कोणाला हाक मारायला नको.

“मागल्या महिन्यात मी त्यांना एकटीनं उठवाया गेले,” भाभी म्हणाल्या, “ते पडले, मी पण पडले. शेजारी लग्नाला गेलेले. दोन तास आमी दोघं तसेच लादीवर. मी त्यांच्या डोक्याखाली उशी दिली नि बाजूला बसून राह्यले. ते रडले. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, मी त्यांना रडताना बघितला नव्हता.”

त्यांनी चष्मा नाकावर सरळ केला. मग म्हणाल्या, “माणूस मी काढून टाकलाय. आता तुमी मला शिकवा.”

माझ्याकडे बारीक होणाऱ्या बायका यायच्या, लग्नाआधी दंड दाखवायच्या मुली यायच्या, डॉक्टरांनी हाडं ठिसूळ सांगितलेल्या शिक्षिका यायच्या. एका माणसाएवढं वजन उचलायचंय, कारण तो माणूसच उचलायचाय, असं म्हणत आलेली ही पहिलीच. मी आधी त्यांना डॉक्टरकडे पाठवलं. रक्तदाब, साखर, किडनी सगळं तपासून घेतलं. मग एका फिजिओथेरपिस्टला विनंती केली. तिने घरी जाऊन रुग्णाला कसं धरायचं ते दाखवलं. कमरेला रुंद पट्टा बांधायचा, आपल्या गुडघ्यांनी त्याचे गुडघे अडवायचे, आणि त्याच्या चांगल्या पायाचा जोर वापरून घ्यायचा. म्हणजे पूर्ण अडुसष्ट उचलायचे नव्हते. पण अर्धे तरी उचलायला अंगात काहीतरी हवं, ते काम माझं.

पहिल्या दिवशी नुसता लोखंडी बार, वीस किलोचा, जमिनीवरून उचलताना त्यांनी तो दोनदा अर्ध्यावरून खाली ठेवला. पण त्या एकदा दाखवलेलं विसरत नसत. पाठ सरळ, बार पायाला लागून, जोर टाचांवर. दोन महिन्यांत तीस किलोवर आल्या. तिथे अडल्या. पुढचे सहा आठवडे तीस म्हणजे तीस. एकतीस घातले की बार जमिनीला चिकटल्यासारखा. वर चेहरा ओढलेला दिसू लागला. मी माझा ठेवणीतला सल्ला काढला. “तीस मिनिटांत प्रोटीन घेता ना?”

“घेते. तुमी सांगितलेली पावडर एक चमचा, रिक्षात.”

“मग?”

“मला काय माहीत मॅडम. तुमी शिकलेल्या.”

हे बोलणं टोचलं. मी तेव्हा पहिल्यांदा पोस्टर सोडून दुसरीकडे विचारायला गेले. एका इस्पितळात आहारतज्ज्ञ असलेल्या माझ्या ओळखीच्या बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, “बाकीचे साडेतेवीस तास त्या काय खातात?”

मला ठाऊक नव्हतं. एकवीस वर्षांतली पहिली दहाबारा मी त्या अर्ध्या तासावर इतकी नजर लावून बसले होते, की उरलेला दिवस मला दिसलाच नव्हता.

त्यांनी मला जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. वजन उचललं की स्नायूंना हुकूम मिळतो, वाढा. हा हुकूम अर्ध्या तासात रद्द होत नाही, दिवसभर, कधी त्याहून जास्त चालू राहतो. वाढायला लागतात अमायनो ॲसिडं, आणि ती आपण खाल्लेल्या प्रथिनांतून येतात. डाळ, मासे, अंडी, दूध, कुळीथ, काहीही. आता घर बांधताना गवंडी दिवसभर कामावर असेल आणि जांभ्याचे चिरे संध्याकाळी एकदमच येऊन पडले, तर सगळा दिवस तो थापी हातात धरून बसणार. चिरे सकाळी थोडे, दुपारी थोडे, संध्याकाळी थोडे असे यायला हवेत. त्यातही एक ल्युसिन नावाचं अमायनो ॲसिड असतं. ते पुरेसं आलं की काम सुरू होतं. तरुणपणी थोडक्यात भागतं. वय वाढलं की एका बैठकीला जास्त लागतं. म्हणून साठीच्या आसपासच्या बाईने घोटभर दूध इथे नि चार शेंगदाणे तिथे असं करून चालत नाही. प्रत्येक जेवणात जरा भरभक्कम प्रथिन हवं. आणि या सगळ्याच्या आधी, दिवसाची बेरीज पुरेशी हवी. ती नसेल तर वेळ कितीही साधा, हाताला काही लागत नाही. गोळ्यांचं विचारलं तर त्या हसल्या. “बांगड्यात सगळी अमायनो ॲसिडं असतात,” म्हणाल्या. “बाटलीत तीनच.”

मी भाभींच्या घरी गेले. राजिवड्याच्या बाजूला खाडीजवळ त्यांचं घर. पुढे पडवी, आत इस्माईलभाईंची कॉट खिडकीला लावलेली, तिथून होड्या दिसायच्या. मी सकाळी आठपासून दोनपर्यंत, मधली जिमची वेळ सोडली तर, तिथेच बसले. भाभींनी सहाला कोरा चहा आणि एक खारी खाल्ली होती. मग नवऱ्याचं तोंड धुणं, कपडे, भरवणं. भरवायला तास जाई, कारण ते तोंड फिरवून घेत. जिममधून आल्यावर स्वयंपाक. बांगड्याचं कालवण सुरेख झालं होतं. त्यातले तुकडे काटे काढून त्यांनी नवऱ्याच्या ताटात ठेवले. इस्माईलभाईंनी दोन घास खाल्ले नि मान हलवली. राहिलेलं झाकून ठेवलं, संध्याकाळी पुन्हा द्यायला. आणि दोन वाजता स्वतः भातावर नुसतं कालवणाचं पाणी ओतून घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसल्या.

“तुकडा कुठेय?” मी विचारलं.

“राती खाते ना. जे उरतं ते.”

रिक्षातली चमचाभर पावडर सोडली तर दिवसभरात त्यांच्या पोटात प्रथिन असं गेलंच नव्हतं. मी म्हटलं, “भाभी, तुमचे चिरे सगळे अंधार पडल्यावर येतात. तेही दुसऱ्याच्या बांधकामातले उरलेले.”

त्यांना ते पटायला वेळ लागला नाही. अडचण वेगळीच होती. “ते उपाशी असताना मला घास जात नाय, मॅडम.”

मी जरा विचार केला. म्हटलं, “मग त्यांच्या आधी नको, नंतरही नको. बरोबर जेवा. तुमचं ताट त्यांच्या समोर.”

दुसऱ्या दिवसापासून सकाळी आठला दोन उकडलेली अंडी इस्माईलभाईंच्या ताटात, दोन भाभींच्या. सोबत तांदळाची भाकरी आणि दूध. दुपारी पूर्ण बांगडा किंवा तारल्या, जाडसर डाळ. रात्री पुन्हा मासे नाहीतर कोंबडी. पावडर बंद. व्यायाम साडेदहाला, दोन जेवणांच्या मधोमध, त्यामुळे आधी घ्यायचं की नंतर हा प्रश्नच उरला नाही.

तीन दिवसांनी भाभींनी जिममध्ये आल्या आल्या सांगितलं, “आज त्यांनी दोनी अंडी खाल्ली.”

“कसं काय?”

“मी माझं खात होते. ते माझ्याकडे बघत होते. मग म्हणाले, तू इतक्या वर्षांत माझ्यासमोर कधी जेवलीच नाहीस. मी म्हटलं, तुमी घरात कधी होतात. मग हसले नि खाल्लं.”

पाचव्या आठवड्यात तीसचा अडसर सुटला. तेहतीस, पस्तीस, चाळीस. बॅचमधल्या बाकीच्या बायका आपला सेट थांबवून त्यांच्याकडे बघायच्या. घरी त्यांनी नवऱ्याला कॉटवरून खुर्चीत घ्यायला सुरुवात केली. दिवसातून दोनदा, मग चारदा. इस्माईलभाई आता पाणी मागत होते, हे भाभींनी मला सांगितलं तेव्हा नेहमीच्याच आवाजात सांगितलं. मी मात्र प्लेटा लावण्याच्या निमित्ताने पाठ फिरवली.

बार पन्नासवर आला आणि रमजान तोंडावर आला.

मी घाबरले. आता भाभी महिनाभर पहाटेपासून संध्याकाळपर्यंत पाण्याचा थेंब घेणार नाहीत, वर नवऱ्याला उचलणार. मी आपल्या शहाणपणाने म्हणाले, “महिनाभर व्यायाम बंद ठेवू. जे कमावलंय त्यातलं थोडं जाईल, नंतर भरून काढू.”

“गेलं तर ह्यांना कोण उठवणार?”

“मग रोजे…”

मी वाक्य अर्धवट सोडलं, पण त्यांना कळलं होतं. त्या रागावल्या नाहीत. समजूत काढावी तसं म्हणाल्या, “मॅडम, मी नऊ वर्षांची असल्यापासून रोजे ठेवते. बाळंतपणात सुटले, ते पण नंतर भरले. ते सोडायचं बोलू नका. दुसरं काय ते बोला. तुमीच म्हणालात ना, घड्याळ महत्त्वाचं नाय, तीनदा पोटात गेलं पायजे? मग सूर्य बुडल्यावर तीनदा खाईन.”

माझेच शब्द त्यांनी माझ्यापेक्षा नीट वापरले होते. डॉक्टरांनी होकार दिला, चक्कर आली तर रोजा सोडायचा या अटीवर. भाभी म्हणाल्या, ही अट आमच्यातही आहे. मग आम्ही दोघींनी कागद घेऊन महिना आखला. इफ्तारला खजूर, पाणी, दोन अंडी आणि वाटीभर दही. नमाज झाली की पाऊण तासाने व्यायाम, घरीच, आठवड्यातून तीनदा. मी जिममधली दोन वजनं रिक्षात घालून त्यांच्या पडवीत नेऊन ठेवली. व्यायामानंतर जेवण, त्यात मासे किंवा कोंबडी. पहाटे रोजा सुरू व्हायच्या आधी, सहरीला, पुन्हा अंडी, दाट डाळ आणि भाकरी, कारण पुढचा अख्खा दिवस त्यावर काढायचा. आणि या तिन्ही वेळांच्या मध्ये पाणी, थोडं थोडं.

आठवड्यातून दोनदा मी संध्याकाळी त्यांच्याकडे जात असे. विसाव्या रोजाच्या सुमारास एक दिवस मी जरा लवकर पोहोचले. इफ्तारला तासभर होता. पडवीत पाय ठेवला आणि आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. आत गेले तर इस्माईलभाई टेबलाशेजारी लादीवर, एका कुशीवर पडलेले. बाजूला खजूर विखुरलेले. भाभी मागच्या दारातून धावत आल्या, हात पिठाचे.

नंतर कळलं ते असं. त्यांना बायकोचा रोजा सुटायच्या आत खजुरांची ताटली कॉटजवळ काढून ठेवायची होती. चांगल्या हाताने टेबल धरून ते एकटे उठले होते.

लागलं नव्हतं कुठे. भाभींनी डोकं, खांदा, कंबर चाचपून बघितली. मी पुढे झाले आणि पायांकडे वाकले. दोघी मिळून उचललं असतं, तर मिनिटाचं काम.

“थांबा मॅडम,” भाभी म्हणाल्या. “हात लावू नका.”

इस्माईलभाईंनी डोळे मिटले होते. लुंगी सरकली होती ती ते डाव्या हाताने ओढत होते. तुटक बोलले, “मॅडमना… भायेर.”

मी पडवीत गेले आणि दाराकडे पाठ करून उभी राहिले. समोर खाडी ओसरत होती. आतून पाट सरकवल्याचा आवाज आला. फिजिओने शिकवलेलं होतं, जमिनीवरून थेट खुर्चीत नाही. आधी पाटावर, मग बुटक्या स्टुलावर, मग खुर्चीत. मला भाभींचा आवाज ऐकू येत होता.

“पट्टा बांधते. डावा पाय मुडपा. हां. माझ्या मानेत हात टाका. घाई नाय.”

 मग श्वास, खोल, आत ओढलेला आणि धरून ठेवलेला. वजन उचलण्याआधी श्वास असा धरायचा हे मीच शिकवलेलं. माझ्या मुठी आपोआप वळल्या. तेरा तास पोटात पाणी नाही, हे मी मनातून घालवू शकत नव्हते.

“एक.”

कपड्यांची सळसळ, पाट दाणकन वाजला.

“झालं. दम घ्या. मला पण घेऊ द्या.”

पुन्हा स्टूल सरकलं. पुन्हा तो श्वास. “दोन.” या वेळी इस्माईलभाईंचा हुंकारही त्यात होता, म्हणजे ते पायाचा जोर लावत होते. एकवीस वर्षांत मी बायकांचे हजारो सेट मोजले असतील, पण पाठ फिरवून, न बघता मोजलेला हा एकच. तिसऱ्याला वेळ लागला. मी वळायच्या बेतात होते. तेवढ्यात लाकडी खुर्ची कुरकुरली आणि भाभी म्हणाल्या, “या मॅडम.”

इस्माईलभाई खुर्चीत ताठ बसले होते. लुंगी नीट, डोक्यावर टोपी नीट. भाभी भिंतीला टेकून उभ्या, ओढणी घामाने भिजलेली, ओठ कोरडे. त्या खाली बसून एकेक खजूर वेचू लागल्या. मी वेचायला लागले तर त्यांनी मला अडवलं नाही.

इस्माईलभाई माझ्याकडे बघून सावकाश म्हणाले, “चाळीस वर्षं… जहाजावर. पोरं ठेवली कामाला. हिला ठेवली असती… तर पाच कमी लागली असती.”

“पगार द्यायला लागला असता,” भाभी खालूनच म्हणाल्या.

ईद झाल्यावर त्या जिममध्ये आल्या. मी आधी हलकंच वजन लावलं. त्यांनी बारकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि स्वतः जाऊन प्लेटा वाढवल्या. पन्नास सहज गेले. पंचावन्नला जरा थांबल्या, मग तेही गेले. महिन्याभरात काही गळलं नव्हतंच. ते पोस्टर मी त्याच दिवशी काढलं. मालकांनी विचारलं तर म्हटलं, भिंतीला ओल आलीय.

इस्माईलभाई त्यानंतर दोन वर्षं होते. चालू लागले, असं काही घडलं नाही. पण रोज सकाळी पडवीत खुर्चीत बसून होड्या येताजाताना बघायचे, आणि भाभींच्या देखरेखीखाली खुर्चीतून दहा वेळा अर्धवट उठायचे. शेवटी न्यूमोनियाने गेले. तपासायला आलेले डॉक्टर पाठ बघून थबकले, असं भाभींच्या मुलीने मला सांगितलं. इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या अंगावर एकही जखम त्यांना सापडली नव्हती. “नर्स कोण होती?” त्यांनी विचारलं. मुलीने आईकडे बोट दाखवलं, तर त्यांना ते आधी खरंच वाटलं नाही.

मला वाटलं, आता भाभी यायच्या थांबतील. नवऱ्यामागे घरात राहून पाळायचे इद्दतचे चार महिने दहा दिवस संपले आणि पुढच्या सोमवारी साडेदहाला त्या हजर. कारण मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. बार लावला.

गेल्या वर्षी माझ्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली. आयुष्यभर दुसऱ्यांना उठवणाऱ्या बाईला पलंगावरून उठण्याची भीती बसली. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. फिजिओ यायची, मी कारणं सांगायची. आज डोकं दुखतंय, आज टाके ओढतायत. जेवणात मन नव्हतं. नवरा बिचारा पेज करून द्यायचा, त्यातली मी चार चमचे प्यायची. मांड्या बघता बघता ओसरल्या. ज्या गोष्टी इतरांना शिकवल्या, त्या मला तोंडपाठ होत्या आणि त्यांचा मला काही उपयोग होत नव्हता.

नवव्या दिवशी सकाळी भाभी आल्या. हातात डबा. डब्यात तव्यावर भाजलेले बांगडे. काटे काढायच्या भानगडीत न पडता त्यांनी डबा माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, “आधी हे खा.” मी खाईपर्यंत त्या खोलीभर बघत होत्या. पलंगाची उंची, खुर्ची कुठे आहे, चटई पायात येईल का. चटई त्यांनी गुंडाळून बाजूला ठेवली. मग माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“भाभी, आज नको. मी बहात्तर किलो आहे,” मी म्हटलं.

“माहीत हाय.”

“पडले तर?”

“नाय पडणार.” त्यांनी माझ्या कमरेला पट्टा बांधला, तो घट्ट आहे का ते दोनदा ओढून बघितलं आणि स्वतःचे गुडघे माझ्या गुडघ्यांना लावले. साठी उलटलेली ती काटकुळी बाई, अजून पन्नास किलोही न भरणारी. मी तिच्या मानेत हात टाकले. तिच्या पाठीचे स्नायू मी वर्षानुवर्षं लांबून बघितले होते, तळव्याखाली पहिल्यांदाच लागले. ओढणीआडून ते लाकडासारखे घट्ट होते.

“जोर मी लावते,” ती म्हणाली. “पाय तेवढा तू लाव, बाय.”

इतक्या वर्षांत ती मला कधी ‘तू’ म्हणाली नव्हती. तिने श्वास घेतला आणि धरला. मीही धरला. आणि मी उभी होते.